पोटातल्या बाळाची वाढ मोजायची टेप: कोणती घ्यावी, कशी धरावी

दीड मीटरची फायबरग्लासची टेप, एका अंगाला सेंटिमीटर, दुसऱ्या अंगाला इंच. शिवणाच्या सामानाच्या दुकानात मिळते. गोव्यातल्या पेडणे-सत्तरी तालुक्यांच्या आरोग्य उपकेंद्रांत नर्सबाईंच्या हाताशी सोनोग्राफीचं यंत्र नसतं. बाळ मागे पडतंय ही पहिली शंका हीच टेप दाखवते. जरूर घ्या, पण पारखून.

कापडी नकोच. धुऊन-पुसून ती ताणते, खुणा लांब-लांब जातात आणि खरे ३० सेंटिमीटर २९ दिसतात. नीट वाढणाऱ्या बाळाच्या आईला मग उगाच घोर. कागदी टेप गोव्याच्या पावसाळ्यात कपाटातच मऊ पडते. फायबरग्लास सहसा ताणत नाही, तरी अधूनमधून स्टीलच्या पट्टीला लावून बघा. टोकाची धातूची पट्टी सैल होऊन सरकली की शून्यच चुकतो. अशी टेप टाकून द्या.

मोजणी २४ आठवड्यांपासून. आधी लघवी करून यायला सांगा, नाहीतर माप वाढतं. पाठीवर, पाय सरळ. हाताने गर्भाशयाचा वरचा काठ शोधा, शून्य तिथे धरा, टेप पोटाला लागून खाली जघनाच्या हाडाच्या (ओटीपोटाखाली हाताला लागतं ते) वरच्या कडेपर्यंत आणा. गर्भाशय कललेलं असेल तर टेपही तशीच कलती. सेंटिमीटरची बाजू पोटाकडे हवी. आकडा दिसत असला की हात नकळत अपेक्षित मापावर थांबतो; म्हणून जागा चिमटीत पकडायची आणि मगच टेप उलटून वाचायची. पोटाचा घेर मोजून बाळाची वाढ कळत नाही, ही चूक मात्र अजून होते.

३६ आठवड्यांपर्यंत माप साधारण आठवड्यांइतकंच येतं. ३२व्या आठवड्याला २९ किंवा त्याहून कमी आलं, किंवा मागच्या भेटीचा आकडा हललाच नाही, तर सोनोग्राफीला पाठवा: म्हापसा, मडगाव, गुंतागुंत असेल तर बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). तिथे बाळाचं डोकं, पोट, मांडीचं हाड आणि नाळेचा डॉप्लर, म्हणजे नाळेतला रक्तप्रवाह, बघतात. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीचा कागद सोबत द्या. गरोदरपणाचे दिवसच चुकीचे धरले तर सगळं गणित चुकतं. सोनोग्राफीत पुढची वाढ दोन-तीन आठवड्यांनी बघावी, त्याआधी मोजणीतली चूकच वाढीपेक्षा मोठी ठरते.

जुळी, फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) किंवा जाड पोट असेल तर टेपवर विसंबू नका, थेट सोनोग्राफी. आणि बाळाची हालचाल कमी झाली तर माप कितीही चांगलं असो, त्याच दिवशी इस्पितळ गाठायला सांगा.