कुडाळचं सँडब्लास्टिंग वर्कशॉप : लाकडी पाटी करून घ्यायची तर इथेच

आमच्या मालवणच्या होमस्टेची सागवानी पाटी कुडाळ एमआयडीसीतल्या एका लहानशा सँडब्लास्टिंग (हवेच्या जोराने बारीक कठीण कण मारून लाकूड कोरायचं काम) वर्कशॉपमधून करून घेतली. 4 फूट बाय दीड फूट, अक्षरं उठावाची. समुद्राकडच्या फाटकावर अख्खा पावसाळा झेलूनही ती ना फुगली, ना सांध्यात उकलली.

अक्षरं काय, कोणीही काढून देईल. खरी मेहनत लाकूड तयार करण्यात आहे आणि तिथे या मेस्त्रींना तोड नाही. मीटर लावून ओल 12 टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय ते फळीला हात लावत नाहीत. सागाला अंगचं तेल असतं, त्यावर गोंद नीट धरत नाही, म्हणून सांधे जोडायच्या आधी ॲसिटोनचं फडकं फिरवतात. मग पॉलिश पेपर मारून सीलरचा (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचा) हात, आणि तो पक्का वाळल्यावरच रबराचं स्टेन्सिल, म्हणजे अक्षरं झाकणारा चिकट साचा. खरबरीत लाकडावर रबर कडेने सुटतं आणि अक्षराच्या कडा खाल्ल्या जातात.

ब्लास्टिंगला वाळूऐवजी गार्नेट (एका कठीण खनिजाचे कण) वापरतात हे मला फार आवडलं. वाळूची धूळ कामगाराच्या फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही.

ब्लास्टिंगमध्ये लाकडाची कोवळी नस उडते, कठीण नस उभी राहते. त्या खाचांत धूळ अडकते. नायलॉनचा ब्रश आणि हवेचा झोत मारून ती काढल्यावरच प्रायमर, तोही ब्रशने खाचांत दाबून. पाठीमागूनही तेवढेच हात दिले. फळीच्या कापलेल्या टोकांना तर जास्तच, कारण पाणी सर्वात आधी तिथून शिरतं. स्क्रूची भोकंसुद्धा आतून सील केली. स्क्रू स्टेनलेसचे, आणि फाटक व पाटीमध्ये वारा खेळेल एवढी फट.

तक्रारी दोन. तारीख लांबली आणि फोन आपणच करावा लागला. दुसरं, मी अक्षरांवर पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निश मागितलं तेव्हा ‘उन्हात ते लवकर सुटेल, रंगच द्या’ हे त्यांनी आधीच सांगायला हवं होतं. पाटी तयार होत आल्यावर सांगितलं. शेवटी पांढरा रंग दिला, तो छान राहिलाय.

फ्लेक्सच्या मानाने महाग आहे, पण पैसे वसूल. ऑर्डर दिवाळीनंतर लगेच द्या, म्हणजे लाकूड सुकायला कोरडे महिने मिळतात.