उन्हाळ्यात मालवण: एप्रिल गाठावा की मे?

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की आमच्याकडे नातेवाइकांचे फोन सुरू होतात. विचारणा एकच: मालवणला एप्रिलमध्ये येऊ की मेमध्ये? सुट्टीचा विचार केला तर मे सोयीचा. पण दर्या काही शाळेच्या वेळापत्रकावर चालत नाही. माझं सांगणं असं: पाण्यात उतरायचं असेल तर एप्रिल, फार तर १० मेपर्यंत. त्यानंतर यायचं ठरवलंत तर समुद्र बघायला जरूर या, पण पोहण्याचा बेत ठेवू नका.

उन्हाचं आधी उरकते, कारण पाऱ्यात फारसा फरक नाही. दोन्ही महिन्यांत तो ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. नागपूरच्या माणसाला हे किरकोळ वाटेल, पण इथे त्रास होतो तो दमटपणाचा. एप्रिलमध्ये रात्री उशिरा जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि पहाट तरी सुखाची जाते. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पंख्याखालीही घाम वाळत नाही, त्यात संध्याकाळी गडगडाट होऊन वीज गेली की झालंच. घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर मेमध्ये एसीची खोली आणि इन्व्हर्टर दोन्ही विचारून घ्या.

खरा फरक पाण्यात आहे. एप्रिलमध्ये सकाळी सात वाजता मालवणजवळच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहिलात तर स्वतःच्या पायाची बोटं दिसतात. लाट येते ती नुसती पोटऱ्या भिजवून जाते. दहा-साडेदहापर्यंत हे सुख मिळतं. मग खारा वारा सुरू होतो, दुपारी वायव्येकडून जोर धरतो आणि बाहेर समुद्रावर पांढरे तुरे दिसू लागतात. म्हणून समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि स्कुबा, दोन्ही सकाळीच. मे सरत आला की वारा पश्चिमेकडे, नैऋत्येकडे वळतो, लाटा वाळू ढवळतात आणि पाणी गढूळतं. स्कुबाचे पैसे तेवढेच जातात, पण दिसत काही नाही.

एक गोष्ट मात्र एप्रिललाही लागू आहे आणि ती पाहुण्यांना पटवणं फार जड जातं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, तरीही अचानक मोठ्या लाटा येतात. या लाटा इथल्या नव्हेतच. पार खाली दक्षिण हिंदी महासागरात वादळ होतं आणि तिथून निघालेल्या लाटा हजारो किलोमीटर कापून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. दोन लाटांमध्ये बराच वेळ जातो, त्यामुळे समुद्र शांत असल्याचा भास होतो आणि पुढची लाट माणसाला पाडून आत ओढते. केरळात याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. २०२४ च्या मेच्या पहिल्या आठवड्यात असा इशारा आला होता, तेव्हा मुंबईतही लोकांना किनाऱ्यापासून लांब राहायला सांगितलं होतं. हे इशारे हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही सरकारी संस्था देते. निघण्याच्या आदल्या दिवशी ते बघायला दोन मिनिटं लागतात. ती काढाच.

मेचा शेवटचा आठवडा तर मी कोणाला सुचवतच नाही. साधारण २५-२६ मेपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची होडी आणि जलक्रीडा बंद असतात. त्याआधीही हमी नाही: २०२१ मध्ये १६ मेला तौक्ते चक्रीवादळ इथून गेलं, आणि २०२५ मध्ये पाऊसच २५ मेला कोकणात उतरला. माझा मावसभाऊ एका वर्षी २० मेच्या सुमारास दोन्ही मुलांना घेऊन आला. धक्क्यावरचा होडीवाला म्हणाला, “आज दर्यो बरो नाय, उद्या बघूया.” दुसऱ्या दिवशीही तेच. मुलांनी सिंधुदुर्ग किल्ला धक्क्यावरूनच पाहिला. धाकटी रडवेली झाली होती, पण होडीवाल्याचं बरोबरच होतं.

किनारा निवडतानाही महिना बघा. लहान मुलांना चिवला, कारण तो कोयरीसारखा वळलेला आणि आडोशाचा; मात्र खडक कुठे आहेत ते स्थानिकांना विचारा. तारकर्ली सरळ आणि उघडी, एप्रिलच्या सकाळी तिच्यासारखी दुसरी नाही, पण मेमध्ये तिथे पाण्याला ओढ असते. दोन्ही बाजूंना लाटा फुटतात आणि मधल्या पट्ट्यात पाणी सपाट, गढूळ दिसतं, ती जागा टाळा. ओढीत सापडलातच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथल्या मुखाशी ओहोटीच्या वेळी कोणत्याही महिन्यात उतरू नका.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब अजून उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, थोडं इकडेतिकडे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणून बुकिंग करताना कॅलेंडरवर तिथीही बघावी. मेमधली पौर्णिमा तर मी टाळायलाच सांगते.

आता मेची बाजू, कारण ती लंगडी नाही. हापूस एप्रिलमध्ये महाग असतो, मेमध्ये भाव उतरतो. फणस, करवंदं, जांभळं मेचीच, आणि अंगणात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सोलं वाळत घातलेली असतात. पोहण्याचा हट्ट नसेल तर १० ते २० मेदरम्यान या, पैसे परत मिळतील अशीच खोली घ्या, आणि संध्याकाळी रॉक गार्डनला जा. पश्चिमेला काळे ढग चढत असतात आणि लाट खडकावर आपटली की तुषार तोंडावर येतात. फक्त वरच्या कोरड्या खडकावर बसा. खालचे शेवाळलेले असतात.