लिअँडर की साउथॅम्प्टन? दोन ब्रिटिश लाइट क्रूझर

1930 च्या लंडन नौदल करारानं लाइट क्रूझरच्या, म्हणजे हलक्या, वेगवान युद्धनौकेच्या, तोफेच्या नळीच्या व्यासाला 155 मिलिमीटरची मर्यादा घातली. मग प्रश्न उरला तोफा किती बसवायच्या एवढाच.

लिअँडर वर्गाचं उत्तर होतं आठ: चार जुळ्या टरेटमध्ये (तोफांच्या फिरत्या बुरुजांत) सहा इंची, म्हणजे 152 मिलिमीटरच्या तोफा, सुमारे 7,000 टनांचं जहाज. ताफ्याला संख्या हवी होती, म्हणून आकार आवरता ठेवला. पण जपाननं मोगामी वर्गावर पंधरा तोफा चढवल्या आणि ब्रिटिशांना साउथॅम्प्टन वर्ग काढावा लागला: चार तिहेरी टरेट, बारा तोफा, 9,100 टन. दोन्हींचा गोळा साधारण 51 किलोचा. म्हणजे एका फैरीत 408 किलो विरुद्ध 612.

तिहेरी टरेट नीट न्याहाळा. मधली तोफ शेजारच्या दोघींपेक्षा जवळपास पाऊण मीटर मागे आहे. एकत्र सुटलेले गोळे हवेत एकमेकांना ढकलू नयेत, म्हणून.

मला तोफांहून मोठा फरक पोटात दिसतो. लिअँडरचे सगळे बॉयलर लागोपाठ, त्यामुळे धुराडं एकच. दिसायला देखणं, पण एका टॉर्पेडोनं सगळी वाफ जाण्याची भीती. साउथॅम्प्टनमध्ये बॉयलर आणि इंजिनं आलटून पालटून, म्हणून धुराडी दोन. लढायला मी साउथॅम्प्टनच निवडेन.

जीव मात्र लिअँडरवर. याच वर्गातली अकिलीस 1939 मध्ये जर्मन युद्धनौका ग्राफ श्पेशी झुंजली, 1948 मध्ये आपल्या नौदलाची ‘दिल्ली’ झाली आणि 1961 मध्ये पोर्तुगीजांविरुद्धच्या कारवाईत दीवसमोर उभी होती.