जुन्या एचएफ रिगला पॉवरपोल: आठ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीत हॅम रेडिओवर, 40 मीटर बँडवर बोलता बोलता प्लास्टिक तापल्याचा वास आला. रिगच्या, म्हणजे माझ्या एचएफ (शॉर्टवेव्ह) रेडिओ सेटच्या, मागचा सहा पिनांचा पॉवर प्लग हाताला चटका देत होता. काढून पाहिला, तर एका पिनेभोवतीचं पांढरं नायलॉन तपकिरी पडलेलं आणि आतलं टर्मिनल सैल. रिग ऐंशीच्या दशकातला, जपानी. आयकॉम, केनवुडच्या त्या काळच्या बऱ्याच 100 वॉट सेटना मागे हाच सॉकेट असतो. ट्रान्समिटला 13.8 व्होल्टवर 20 अँपिअरपर्यंत करंट जातो, आणि मी दर रविवारी रिग बाहेर नेताना प्लग तिथूनच काढत-घालत होतो.

काहीजण सरळ मागचं पॅनेल कापून नवा सॉकेट बसवतात. मला ते अजिबात पटत नाही. चाळीस वर्षं टिकलेल्या चॅसिसला ड्रिल लावायचं नाही, हे मी आधीच ठरवलं. सॉकेटच्या पिना साफ केल्या, नव्या टर्मिनलांसह नवा प्लग तयार केला, त्याला वीतभर वायर जोडली आणि टोकाला अँडरसन पॉवरपोल (सहज काढता-घालता येणारे पॉवर कनेक्टर) लावले. आता नेहमीची काढ-घाल पॉवरपोलवर होते, रिगचा प्लग जागचा हलत नाही.

फरक मीटरवर दिसला. डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या रेझिस्टरवर) पूर्ण पॉवरचा सलग सिग्नल, म्हणजे कॅरियर, सोडला की सप्लायपाशी 13.8 असताना रिगपाशी जेमतेम 12.9 यायचे. वाटेत 0.9 व्होल्ट, म्हणजे 20 अँपिअरला 18 वॉट नुसती उष्णता. आता 13.4 मिळतात. यात नव्या 4 स्क्वेअर मिलिमीटर वायरचाही वाटा आहे.

पॉवरपोलचे 15, 30 आणि 45 अँपिअरचे कॉन्टॅक्ट (वायरीला लावायचे धातूचे तुकडे) एकाच हाउसिंगमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या खोळीत, बसतात. आधी मी 30 चे आणले. जाड वायर त्यांत मावेना. तारा कापून वायर बारीक करू नका, 45 चे घ्या. कॉन्टॅक्ट आत सरकवताना ‘टक्’ असा आवाज आलाच पाहिजे. नाही आला तर तो आतल्या स्प्रिंगवर चढलेला नाही आणि जोडताना मागे सरकणार. माझे दोन असेच सरकले. क्रिम्प, म्हणजे वायरीवर दाबून बसवलेला जोड, किंचित वाकडा झाला होता. सोल्डर ओतण्यापेक्षा योग्य डायचा क्रिम्पर कुणाकडून तरी मागून आणा. ऑनलाइन घेतलेला पहिला स्वस्त संच नकली निघाला, स्प्रिंगमध्ये दमच नव्हता. ते पैसे गेले.

याला लॉक नसतं, हे मात्र खरंच खटकतं. एकदा वायरीत पाय अडकला आणि क्यूएसओच्या (रेडिओवरच्या संभाषणाच्या) मध्येच रिग बंद पडला. तेव्हापासून जोडावर क्लिप लावतो. दुसऱ्याच्या सप्लायला जोडण्याआधी मल्टिमीटरने पोलॅरिटी पाहतोच. लाल-काळ्याची मांडणी सगळ्यांनी सारखीच केलेली नसते. दोन्ही वायरींतले फ्यूज मी तसेच ठेवले आहेत.

जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, रिगचा प्लग तपासायला एकदाच काढला. नायलॉन पांढरंशुभ्र, टर्मिनलं घट्ट. तसाच परत बसवला.