हरुदातलं श्रीनगर: सकाळी नसीमबाग, दुपारी निशात

श्रीनगरला पानगळ बघायला जाणार असाल तर सगळ्यात आधी हे ऐका: बागांचा क्रम उन्हावरून ठरवा, गाडीच्या सोयीवरून नको. पॅकेजवाले चष्मेशाही, निशात, शालिमार एका दमात दाखवतात, सकाळी दहाला निघून जेवायच्या वेळेला मोकळे. एप्रिल-मेमध्ये ते खपून जातं. नोव्हेंबरमध्ये नाही, कारण चिनाराचं पान खुलतं ते त्यातून ऊन आरपार आलं की. सावलीत तेच पान नुसतं विटकरी दिसतं. आमच्या टूरवाल्यांशी मी यावरून बरीच हुज्जत घातली आणि शेवटी दोन दिवस वेगळी गाडी केली. त्या पैशांचं मला जराही वाईट वाटत नाही.

हरुद म्हणजे काश्मीरचा शरद. ऑक्टोबरमध्ये आधी सफेदे (पॉप्लर) आणि विलो ही झाडं पिवळी पडतात. चिनार मागून येतो. त्याचा भर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, आणि मध्येच जोराचा पाऊस-वारा आला तर दोन दिवसांत फांद्या उघड्या पडतात. दिवाळी उशिरा येते त्या वर्षी आपल्याला बरं पडतं. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला येतंय, म्हणजे भाऊबीज आटोपून निघालात तर चांगला रंग मिळायला हवा. आम्हीही असंच दिवाळीनंतर गेलो होतो, पिशवीत उरलेल्या चकल्या घेऊन.

आता नसीमबाग. माझ्या मते श्रीनगरात एकच जागा बघायची असेल तर ही, आणि नेमकी हीच बहुतेकांच्या यादीत नसते. हजरतबल दर्ग्याला लागून, काश्मीर विद्यापीठाच्या आवारात आहे. कारंजी नाहीत, पायऱ्या-मजले नाहीत, फुलांचे ताटवे नाहीत. नुसते चिनार, रांगेने, शेकड्यांनी. अकबराच्या काळातली बाग, आणि शाहजहानच्या वेळी इथे बाराशे चिनार लावले असं सांगतात. जुन्या खोडांना तिघाचौघांनी हात धरून कवेत घ्यावं लागेल. बाग दल सरोवराच्या पश्चिम काठाला आहे आणि झबरवानचे डोंगर समोर पूर्वेला. त्यामुळे सकाळचं ऊन सरोवरावरून तिरपं थेट झाडांच्या पोटात शिरतं. आठ-साडेआठला पोहोचा. वर शेंदरी, मध्ये हळदी, खाली पायाशी तांबड्या-तपकिरी पानांचा घोटाभर थर, आणि एकाच झाडावर अजून हिरवी राहिलेली एखादी फांदी. आई गुडघ्यांमुळे कुठेच फार चालत नाही. इथे जमीन सपाट, म्हणून ती तासभर एकटी फिरली. मला हाक मारून म्हणाली, "अगं, ही पानं वाजतात बघ." चिनाराचं वाळलेलं पान तळहाताहून मोठं आणि कडक असतं, त्यामुळे चालताना खरंच मोठा आवाज होतो.

आवार विद्यापीठाचं आहे हे विसरू नका. ओळखपत्र जवळ ठेवा, गेटवर सरळ विचारा, आणि मुलं झाडाखाली वह्या उघडून बसलेली असतात त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका. पानं झाडून पोत्यात भरणाऱ्या बायका दिसतील. या पानांचा कोळसा करून थंडीत कांगडीत, म्हणजे अंगाशी धरायच्या छोट्या शेगडीत, घालतात. त्यांनी रचलेल्या ढिगावर उड्या मारून फोटो काढणारे पर्यटक मी पाहिले, फार राग आला. त्यांचं सकाळभराचं काम आहे ते.

निशातचं सगळं उलटं. ही बाग दलच्या पूर्व काठाला, झबरवानच्या पायथ्याशी. सकाळी डोंगराची सावली बराच वेळ हटत नाही, म्हणून दहाच्या टूरमध्ये ती फिकी वाटते. तीनच्या सुमाराला जा. पश्चिमेचं ऊन सरोवरावरून समोरून येतं आणि वरच्या टप्प्यापर्यंत चढत जातं. 1633 मध्ये नूरजहानचा भाऊ आसफखान याने ती घातली, राशींच्या हिशेबाने बारा टप्प्यांची. मधून पाट, दोन्ही बाजूंना चिनार, आणि वरून खाली बघितलं की पाटाच्या सरळ रेषेत दल. हे दृश्य मला शालिमारपेक्षा कितीतरी पटीने सरस वाटलं. पायऱ्या मात्र खूप. आईला तिसऱ्या टप्प्यावरच बसवलं आणि तिथूनही तिला झाडं छान दिसली, तेव्हा वयस्कर माणसांना "वर जाण्यात अर्थ आहे" असं म्हणून ओढू नका. नोव्हेंबरमध्ये साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो आणि गारठा एकदम अंगावर येतो. कानटोपी खिशातच हवी. काश्मिरी पोशाखात फोटो काढून देणारे मागे लागतात, एकदा ठामपणे नको म्हटलं की जातात.

शालिमार (1619, जहांगीर) सरोवरापासून आत आहे, त्यामुळे पाण्याचं दृश्य नाही. चिनार सुंदर आहेत, गर्दीही तेवढीच. वेळ उरला तर जा. दलमधल्या चार चिनार बेटासाठी शिकारा मुद्दाम करू नका. जुन्या चार झाडांपैकी सगळी आता तिथे उरलेली नाहीत आणि नवी अजून लहान आहेत. शिकाऱ्यात बसायचं तर दुपारी बसा, काठावरच्या चिनारांची रांग पाण्यातून बघायला.

पांपोरला मात्र जाच. जम्मूच्या रस्त्याला, शहरापासून पंधराएक किलोमीटर. चिनार रंगतो त्याच दिवसांत केशर फुलतं, ऑक्टोबरच्या अखेरीपासून दोन-तीन आठवडे. उघडी माती आणि तिच्यातून थेट वर आलेली जांभळी फुलं. खुडणी सकाळी, त्यामुळे दुपारी गेलात तर शेत रिकामं दिसेल. एका फुलात तीनच लाल तंतू, आणि किलोभर केशराला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात. शेतात ओणवं होऊन खुडणाऱ्या घरच्या बायका-मुलांना बघितल्यावर मी भावात घासाघीस केली नाही. घ्यायचं तर एक-दोन ग्रॅमच घ्या, पण पूर्ण तंतू बघून, पूड नको. बांधावरून चाला, वाफ्यात पाय टाकू नका.

आपल्याकडे पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात येते. साग, पळस उघडे पडतात, पण पानं वाळून गळतात, पेटून उठत नाहीत. चिनाराचं तसं नाही. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री कडक थंडी मिळाली की पानातला हिरवा रंग ओसरतो, खालचा पिवळा दिसू लागतो आणि वर लाल नव्याने तयार होतो. म्हणून थंडीची तक्रार करत हॉटेलात बसू नका.

तीन दिवसच असतील तर या खेपेला गुलमर्ग सोडा. एक सकाळ नसीमबाग, एक सकाळ पांपोर, दोन दुपारी निशात. हो, दोन. पहिल्या दिवशी ढग आले तर दुसरी हातात राहते, आणि तिकीट किरकोळ आहे. तिसरी सकाळ ठरवून मोकळी ठेवा. आम्ही ती पुन्हा नसीमबागेतच घालवली.