डेझर्ट मॅरिगोल्डच्या बियांचं पाकीट: बी उत्तम, सूचना अपुऱ्या

हे बी घ्यायचं तर एकाच जातीचं, सुटं पाकीट घ्या. ‘वाळवंटी रानफुलं’ अशा मिश्र पाकिटात मेक्सिकन गोल्ड पॉपीसारखी झपाट्याने वाढणारी हंगामी फुलं असली, की ती जागा अडवतात आणि याची सावकाश वाढणारी रोपं सावलीत मरतात. पाकिटावर ‘बेलेया मल्टिरेडिएटा’ हे शास्त्रीय नाव हवंच, नाहीतर मॅरिगोल्ड म्हणून साधा झेंडू निघायचा.

उत्तर अमेरिकेतल्या मोहावे, सोनोरा आणि चिवावा वाळवंटांतलं हे फूल तिकडे रस्त्याकडेच्या खडीतही फुलतं. राखाडी, लवदार पानं तळाशी, आणि फूटभर उंच उघड्या दांड्यावर एकच पिवळंधमक फूल. जुन्या पाकळ्या लगेच गळत नाहीत; फिकट होऊन कागदासारख्या वाळतात. बहर महिनोन्‌महिने टिकतो, हा याचा मोठा गुण.

पेरणीबद्दल पाकिटावर लिहिलेलं ठीक असतं. बी पृष्ठभागावर टाकायचं, हाताने दाबायचं, वर फार तर दोन-तीन मिलिमीटर वाळू. खोल गाडलं तर उगवत नाही. उगवायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर फवाऱ्याने वरचा थर ओलसर ठेवा.

घोळ होतो तो पुढच्या पाण्यात. ‘ओलावा राखा’ एवढंच छापलेलं असतं, कधी थांबायचं ते नसतं. उगवतानाच्या पहिल्या दोन बीदलांनंतरची चार खरी पानं आली की माती पूर्ण सुकू द्या, मगच पाणी. जम बसलेल्या झाडाला जमिनीत कडक उन्हाळ्यातही दोन-तीन आठवड्यांतून एकदा, पण खोलवर पाणी पुरतं. कुंडी लवकर सुकते, तिथे बोटाने माती तपासून ठरवा. पाणी जास्त झालं की तळाची पानं काळी, लिबलिबीत होतात आणि गाभा कुजतो. तिथून झाड सहसा सावरत नाही.

माती: दोन भाग जाड वाळू किंवा बारीक खडी, एक भाग साधी माती. शेणखत, कोकोपीट नको. खताने दांडे लांबट होऊन लोळतात. दिवसभर ऊन हवं. सोटमूळ दुखावलेलं सोसत नाही, म्हणून कायमच्या जागीच पेरा किंवा रोप कोवळं असतानाच हलवा.

झाड दोन-तीन वर्षंच जगतं. वाळलेली फुलं खुडलीत तर बहर वाढतो, पण थोडी ठेवा, म्हणजे बी आपोआप पडून नवी रोपं येतील. मेंढ्या-शेळ्यांना हे विषारी आहे. त्या चरतात तिथे लावू नका.