कॅमेऱ्यांच्या पीसीवर विंडोज ठेवायचं की लिनक्स टाकायचं?

आठ-दहा आयपी कॅमेरे, वॉचमनच्या केबिनमध्ये किंवा दुकानाच्या पोटमाळ्यावर एक पीसी, त्यात रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. अशी व्यवस्था असलेल्या बऱ्याच सोसायट्या, शाळा आणि गोदामं सध्या एकाच प्रश्नावर अडली आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुन्या पीसीवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. कमिटीतला एखादा तरुण सदस्य म्हणतो, "लिनक्स टाका, फुकट आहे आणि हँग होत नाही." कॅमेरेवाला म्हणतो, "साहेब, विंडोजच ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी मला बोलावू नका."

दोघांचंही अर्धं खरं आहे. माझं मत आधीच सांगतो: रात्री रेकॉर्डिंग बंद पडलं तर कोण येणार, यावर हा निर्णय घ्यावा. बिघाड दोन्हीकडे होतात, फक्त त्यांची जात वेगळी. विंडोज आपल्या मनाने काहीतरी करायला जातं आणि थांबतं. लिनक्स सहसा थांबत नाही, पण भलत्याच जागी लिहीत बसतं आणि कुणाला पत्ता लागत नाही.

ज्यांना फक्त पंधरा दिवसांचं फूटेज हवंय आणि पीसीशी खेळायची हौस नाही, त्यांनी सरळ एनव्हीआरचा (रेकॉर्डिंगसाठीच बनवलेल्या तयार यंत्राचा) डबा घ्यावा आणि इथेच थांबावं. पीसीला अर्थ येतो तो वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकत्र चालवायचे असले, माणूस आणि कुत्रा यातला फरक सॉफ्टवेअरने ओळखायला हवा असला, किंवा फूटेज जास्त दिवस ठेवायचं असलं तर.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

"चित्र फाटतंय, फॉरमॅट मारून टाका" हा सल्ला हमखास मिळतो आणि बहुतेक वेळा वाया जातो. खालचा अर्धा भाग राखाडी होतो, चालणाऱ्या माणसामागे रंगाचे पट्टे ओढले जातात, मध्येच चित्र गोठतं. हे सगळं डेटाची पाकिटं वाटेत हरवल्यामुळे होतं आणि त्यात ऑपरेटिंग सिस्टिमचा संबंध क्वचितच असतो.

तपासायची रीत सोपी आहे. एक लॅपटॉप त्याच स्विचला जोडा, व्हीएलसी उघडा आणि कॅमेऱ्याची आरटीएसपी लिंक (त्याच्या थेट चित्राचा पत्ता) टाकून बघा. तिथेही चित्र फाटत असेल तर पीसीला हात लावू नका. व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये यूडीपीऐवजी टीसीपी (हरवलेलं पाकीट पुन्हा मागवणारी पद्धत) निवडा. त्याने चित्र सुधारलं, तर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही टीसीपी करा आणि केबल तपासायला घ्या. लॅपटॉपवर स्वच्छ दिसतंय आणि पीसीवरच फाटतंय, तरच पुढचं वाचण्यात मतलब आहे.

केबलबद्दल एक गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. "कॅमेरा दिवसभर चालतो, अंधार पडला की बंद होतो, मग आपोआप चालू होतो, परत बंद" ही तक्रार ऐकली की मी आधी केबल कुठली टाकली ते विचारतो. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याला जास्त वीज लागते. पीओईने वीज आणि डेटा एकाच केबलमधून जातात. आतली तार शुद्ध तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल, तर रोध जास्त असतो आणि लांबवर पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं. कॅमेरा रीबूट होतो, दिवे विझलेले असतात म्हणून तगतो, दिवे लागले की पुन्हा मरतो. नेटवर्क केबलची १०० मीटरची मर्यादा चांगल्या तांब्याच्या केबलसाठी आहे, स्वस्तातल्या गुंडाळीसाठी नाही. पावसाळ्यात याच्या जोडीला उघड्यावर लोंबणारा कनेक्टर हिरवा पडतो तो वेगळाच.

दुसरी नेहमीची तक्रार, पीसीचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. इथे लिनक्स टाकल्याने चमत्कार होईल असं लोकांना वाटतं. खरं कारण असं की सॉफ्टवेअर प्रत्येक कॅमेऱ्याचं पूर्ण मोठं चित्र हालचाल शोधण्यासाठी उलगडत बसलेलं असतं. जवळजवळ प्रत्येक कॅमेरा मोठ्या चित्राबरोबर एक छोटी सबस्ट्रीमही देतो. हालचाल छोट्या चित्रावर शोधा आणि मोठं चित्र न उलगडता जसंच्या तसं डिस्कवर उतरवा. भार दोन्ही सिस्टिमवर सारखाच उतरतो. शिवाय इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये एच.२६५ (व्हिडिओ दाबून छोटा करण्याची नवी पद्धत) उलगडणारं हार्डवेअरच नाही, ते सहाव्या पिढीपासून नीट मिळतं. चौथ्या पिढीचा पीसी असेल तर कॅमेऱ्यात जाऊन जुनी एच.२६४ पद्धत निवडा. ते काम लिनक्स करून देणार नाही.

विंडोज: ओळखीचं आहे, पण गप्प बसत नाही

विंडोजच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा हा की गावातला कोणताही टेक्निशियन त्यावर हात चालवू शकतो. दुसरा मुद्दा सॉफ्टवेअरचा. ब्लू आयरिस फक्त विंडोजवर चालतं. आठ कॅमेऱ्यांपर्यंत मोफत असलेलं माइलस्टोनचं एक्सप्रोटेक्ट इसेन्शिअल प्लससुद्धा विंडोजचंच. तिसरा मुद्दा जुन्या कॅमेऱ्यांचा: काहींचं सेटिंगचं पान इंटरनेट एक्सप्लोररच्या प्लगइनशिवाय उघडतच नाही. तो ब्राउझर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण एजमध्ये त्याचा आयई मोड आहे. अशा कॅमेऱ्यांसाठी घरात एक तरी विंडोजचं मशीन लागतंच.

त्रास सुरू होतो तो अपडेटपासून. विंडोजमध्ये "ॲक्टिव्ह अवर्स" म्हणजे कामाचे तास ठरवता येतात, पण जास्तीत जास्त १८. कॅमेऱ्यांचे कामाचे तास २४ असतात हे मायक्रोसॉफ्टच्या हिशेबात बसत नाही. होम आवृत्तीत अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थोपवता येतं, प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीने जास्त ताबा मिळतो. मशीन रीस्टार्ट झालं हे दुखणं मोठं नाही. रीस्टार्टनंतर ते पासवर्ड मागत लॉगिन स्क्रीनवर उभं राहतं आणि सॉफ्टवेअर लॉगिनची वाट बघतं, हे खरं दुखणं. मॉनिटर बंद असतो, कुणाला कळत नाही, आणि गाडी चोरीला गेल्यावर कळतं. म्हणून सॉफ्टवेअर "सर्व्हिस" म्हणूनच चालवा, म्हणजे ते लॉगिनशिवाय सुरू होतं.

बाकीची यादी पटकन सांगतो. स्लीप बंद करा. नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या" ही खूण काढा. रेकॉर्डिंगचं फोल्डर डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा, नाहीतर प्रत्येक नवी फाइल तो चाळत बसतो. आणि रेकॉर्डिंगच्या डिस्कला डिस्क मॅनेजमेंटमधून व्ही किंवा आर असं लांबचं अक्षर द्या. डी किंवा ई ठेवलं आणि कुणी पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं, की अक्षरं सरकू शकतात आणि सॉफ्टवेअर आपलं फोल्डर शोधत राहतं.

लिनक्स: शांत आहे, पण बोलत नाही

उबुंटू किंवा डेबियनवर एकदा नीट बसवलेलं मशीन महिनोन्‌महिने हात न लावता चालतं, यात अतिशयोक्ती नाही. अपडेट कधी घ्यायचं आणि रीस्टार्ट कधी करायचं हे तुम्ही ठरवता. लायसनचा खर्च नाही. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये झोनमाइंडर हा जुना जाणता पर्याय आहे. माणूस, गाडी, प्राणी ओळखायचं असेल तर फ्रिगेट फार चांगलं, आणि त्याचं खरं घर लिनक्स आणि डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या खोक्यात चालवायची सोय) हेच. एजंट डीव्हीआर दोन्हीकडे चालतं. ज्यांना पुढे सिस्टिम बदलण्याची शक्यता वाटते त्यांनी ते आधी बघावं.

आता लिनक्सची खोड. रेकॉर्डिंगची मोठी डिस्क कुठे जोडायची हे एफएसटॅब (fstab) नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिथे "नोफेल" (nofail) लिहिलं नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर मशीन सुरू होतानाच इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं. "नोफेल" लिहिलं तर मशीन छान सुरू होतं, पण डिस्कच्या जागी नुसतं रिकामं फोल्डर असतं. सॉफ्टवेअरला फरक कळत नाही. ते त्या फोल्डरमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या छोट्या एसएसडीवर, लिहायला लागतं. काही तासांत एसएसडी भरते आणि मग सगळंच बसतं.

यावर एक जुना उपाय आहे. डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर "सीएचॲटर प्लस आय" (chattr +i) हा आदेश चालवायचा. मग त्या फोल्डरमध्ये रूट यूजरलासुद्धा काही लिहिता येत नाही. डिस्क जोडली की तिची स्वतःची जागा वर येते आणि काम नेहमीसारखं चालतं. नाही जोडली तर सॉफ्टवेअर लगेच एरर देऊन ओरडतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. एफएसटॅबमध्ये डिस्कची नोंदही नावाने न करता यूयूआयडीने (तिच्या न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने) करा.

झोनमाइंडर आणि फ्रिगेट या दोघांचं आणखी एक नेहमीचं दुखणं म्हणजे शेअर्ड मेमरी, म्हणजे चित्रं तात्पुरती ठेवायची रॅममधली जागा. कॅमेरे वाढवले, चित्राचा आकार वाढवला, आणि काही कॅमेरे अचानक मरायला लागले, तर आधी तिथे जागा उरली आहे का बघा. फ्रिगेटमध्ये "बस एरर" दिसला तर संशय तिथेच घ्यावा.

| लक्षण | विंडोजवर आधी बघा | लिनक्सवर आधी बघा |
|---|---|---|
| रात्री रेकॉर्डिंग थांबलं | अपडेट हिस्टरी, लॉगिन स्क्रीन | डिस्क खरंच जोडलेली (माउंट) आहे का |
| मशीन आपोआप बंद पडलं | इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ | मागच्या बूटचा जर्नल लॉग |
| डिस्कबद्दल शंका | सिस्टिम लॉगमध्ये डिस्कच्या नोंदी ७, ५१, १५३ | डीमेसेज (सिस्टिमचे संदेश) आणि स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत) |
| प्रोसेसरवर भार | डिफेंडर, सबस्ट्रीम | सॉफ्टवेअरला ग्राफिक्स वापरायची परवानगी, सबस्ट्रीम |

कर्नल-पॉवर ४१ बघून घाबरू नका. "मशीन नीट बंद झालं नव्हतं" एवढाच त्याचा अर्थ, कारण सांगत नाही. आपल्याकडे नव्वद टक्के शंका लाइट जाण्यावर आणि यूपीएसच्या मेलेल्या बॅटरीवर घ्यावी.

डिस्क, आणि फूटेज द्यायची वेळ

एक कॅमेरा ४ एमबीपीएसने सतत रेकॉर्ड होत असेल तर दिवसाला ४३ जीबी जागा खातो. आठ कॅमेरे म्हणजे साधारण ३४५ जीबी. चार टीबीच्या डिस्कवर अकरा दिवसही जेमतेम. कुणी पंधरा दिवस सांगून चार टीबी बसवत असेल तर तिथेच हिशेब मागा. सिस्टिम कोणतीही असो, हे गणित बदलत नाही.

फरक पडतो तो मशीन मेल्यावर. विंडोजची एनटीएफएस डिस्क काढून कुठल्याही लॅपटॉपला लावली की फाइली दिसतात. लिनक्सची ईएक्सटी४ डिस्क विंडोजला वाचता येत नाही, आणि अनेकदा विंडोज सरळ विचारतं, "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?" घाईतला माणूस "हो" दाबतो. लिनक्स ठेवणार असाल तर डिस्कवर मार्करने "लिनक्स डिस्क, फॉरमॅट करू नये" असं लिहून ठेवा. हसू येईल, पण लिहा.

पोलिसांना किंवा कोर्टात फूटेज द्यायचं असेल तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल जरा बदलली तरी बदलणारा तिचा ठसा) नोंदवावी लागते. ती काढायची सोय दोन्हीकडे आधीपासून असते: विंडोजमध्ये सर्टयूटिल, लिनक्समध्ये एसएचए२५६सम. पण कॅमेऱ्याचं घड्याळ वीस मिनिटं पुढे असेल तर हॅश बरोबर असूनही वाद होतो. सगळ्या कॅमेऱ्यांना वेळ या पीसीनेच पुरवावी. लिनक्सवर क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहिली की झालं, विंडोजवर त्यासाठी रजिस्ट्रीत शिरावं लागतं. या एका कामात लिनक्स उघडपणे सरस आहे.

मग कुणी काय घ्यावं

पीसी इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा नवा असेल, टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) असेल आणि देखभाल बाहेरच्या टेक्निशियनकडे असेल, तर विंडोज ११ प्रो. तुमच्याकडे काळ्या स्क्रीनवर आदेश लिहायला न घाबरणारा एक माणूस असेल आणि तो दोन-तीन वर्षं तरी तिथेच राहणार असेल, तर लिनक्स. सोसायटीत असा एकच मुलगा असेल आणि तो पुढच्या वर्षी बंगळुरूला जाणार असेल, तर लिनक्स नको.

जुन्या सहाव्या-सातव्या पिढीच्या पीसीवर विंडोज १० तसंच चालू ठेवायचं म्हणाल, तर वाढीव सुरक्षा अपडेट घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. तोवर मशीन थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. राउटरवर पोर्ट उघडणं तर दोन्ही सिस्टिमवर टाळा. २०१६ मध्ये मिराई बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याने) असेच उघडे कॅमेरे आणि डीव्हीआर पकडले होते. बाहेरून बघायला टेलस्केल किंवा वायरगार्ड यांसारखं व्हीपीएन (खाजगी सुरक्षित जोडणी) वापरा. पोर्ट उघडूनही मोबाइलवर काही दिसत नसेल, तर तुमचा इंटरनेटवाला एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटत असण्याची शक्यता मोठी. त्यावर टेलस्केल सहसा चालून जातं.

काहीही बसवलं तरी पैसे देण्याआधी एक चाचणी समोर करून घ्या. बायॉसमध्ये "वीज आली की आपोआप चालू" हे सेटिंग लावायला सांगा. मग यूपीएसमधून पीसीची वायर काढा, पाच मिनिटं थांबा, परत लावा. कीबोर्डला कुणीही हात लावायचा नाही. दहा मिनिटांनी सगळ्या कॅमेऱ्यांचं नवं फूटेज मोठ्या डिस्कवर उतरलेलं दिसलं तरच बिल चुकतं करा.